परतल्याची तारीख

दर मंगळवारी समुद्राखालच्या बोगद्यातून
गाडी हाकत येते मी क्लाक्सविकला.
जाळी दुरुस्त करायच्या गोदामावर एक खोली,
सहा संगणक, एक हीटर, आणि फळा,
ज्यावरची मागच्या वर्षीची बेरीज अजून पुसली जात नाही.

योग्वान सामन माशांच्या खाद्याचा हिशोब मांडतो.
विचारतो, शून्य पूर्णांक एक नि शून्य पूर्णांक दोन
मिळून तीन का होत नाहीत?
शेवटी हा चार कुठून चिकटला, एवढ्या शून्यांच्या शेपटाला?
मी सांगते, यंत्र दोनच बोटांवर मोजतं,
दहावा भाग त्याच्या मुठीत पुरता मावत नाही.
तो आपले हात बघतो. दोन बोटं यारीच्या दोरानं नेलेली.
"माझी आठ आहेत," म्हणतो, "मला तर जमतं."

सोल्वा पंधराची. तिला हवंय
दोन बरोबरच्या खुणा आणि तीन, यांतलं अंतर.
दोन म्हणजे दिसायला सारखं, तीन म्हणजे वाणानंही.
"कळलं. विमानतळावरचा स्वेटर
आणि आईनं विणलेला."
पुढच्या वर्गात हेच सांगेन मी, तिचं नाव न घेता.

मार्यून कोपऱ्यात बसते.
एकाहत्तर वर्षांची, चाळीस वर्षं कॉड सोललेले हात.
कीबोर्डवर सावकाश चालतात,
पण चुकीचा स्वल्पविराम काट्यासारखा उपसून काढतात.
तिची यादी बंदरातून निघालेल्या माणसांची:
नाव, जहाज, निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख.
बुडालेल्यांचीच कर, म्हटलं होतं मी, सोपं जाईल.
"आलेले मोजायचे नाहीत?"

तिनं विचारलं यंत्राला:
परतल्याची तारीख बरोबर नल, असे सगळे दाखव.
उत्तर आलं, शून्य ओळी.
"शून्य? म्हणजे सगळे आले?"

हीटर टिकटिकत होता.
कितीदा सांगितलंय मी हे, किती खोल्यांतून:
नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे.
नल म्हणजे ठाऊक नाही.
आणि एक ठाऊक नाही दुसऱ्या ठाऊक नाहीच्या
बरोबर आहे का,
तेही ठाऊक नाही. म्हणून बरोबरची खूण तिथे चालत नाही.

ती पडद्याकडे बघत राहिली.
"खरं आहे," म्हणाली. "सूसान्नाचा नि माझा एकाच जहाजावर होते.
चर्चमध्ये लोक आम्हाला एकाच बाकावर बसवत.
पण तिचं वेगळं होतं."

एप्रिलात पान उघडलं पहिल्यांदा.
तेर्ना निघालं एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत,
आणि अकराच्या अकरा जण परतले होते
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला.

माझी चूक, म्हणाले मी घाईनं,
यंत्राचा काळ तिथून सुरू होतो,
हाती काहीच लागलं नाही की ते तिथे जाऊन उभं राहतं.
एका ओळीचं काम आहे.

"थांब जरा."
तिनं चष्मा काढला.
"त्या दिवशी होता तो. आमच्याकडेच, आईकडे.
वाळवलेलं मटण कापत होता,
वारा इतका की बापानं छपराला दोर आवळलेले.
लग्न ठरलंही नव्हतं तेव्हा."
मग म्हणाली,
"आजची रात्र असू दे तसंच."

असू दिलं.
बोगद्यातून परतताना रेडिओ लावला नाही.

पुढच्या मंगळवारी तिनंच अट घातली होती नीट.
तारखेची जागा कोरी, अकरा वेळा.
कोडमध्ये वर एक शेरा, यंत्र वाचत नाही असा:
इथे घाई करू नये.

"आता हे सांग," तिचा नेहमीचा कोरडा आवाज,
"त्याच्या नावात मधेच प्रश्नचिन्ह का येतं?"

हेईन. त्यात एक अक्षर आहे आमचं,
वर आडवी काठी मारलेलं.
लिहितात सगळे, उच्चारत कुणीच नाही.
साठवताना एक तक्ता, वाचताना दुसरा,
दुसऱ्यात ते अक्षरच नाही.

मी खुर्ची ओढून घेतली.
"हे सोपं आहे," म्हणाले,
आणि वाटलं, असं म्हणायला नको होतं.